फोटोशॉपचे शॉर्टकट: तक्ता पाठ होतो, हात मात्र टूलबारकडेच जातो

फोटोशॉपच्या टूलबारवर एखाद्या टूलवर माउस नेऊन क्षणभर थांबलं की टूलचं नाव दिसतं आणि नावापुढे एक अक्षर. ब्रशपुढे 'बी', मूव्हपुढे 'व्ही', क्रॉपपुढे 'सी'. शॉर्टकट शिकायला बसणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. मग अख्खा तक्ता छापून मॉनिटरशेजारी चिकटवतात. तक्ता पाठही होतो. हात मात्र माउस घेऊन डावीकडच्या पट्टीकडेच धावत राहतो. कारण साधं आहे: तक्ता टूलबारच्या क्रमाने लावलेला असतो आणि काम त्या क्रमाने कधीच होत नाही.

काम साखळीने होतं. चेहऱ्यावरचे डाग काढायचे असतील तर जवळ जा, फोटो सरकवा, ब्रश लहान करा, डागावर टिचकी मारा, पुन्हा सरकवा, हे चक्र एका फोटोत शंभरदा फिरतं. म्हणून टूल एकेक करून शिकण्यापेक्षा एक साखळी निवडावी आणि ती पूर्ण कीबोर्डवर आणावी. डाग काढण्याचीच साखळी सुरुवातीला सगळ्यात चांगली, कारण तिच्यात टूल फारसं बदलतच नाही. बदलतो तो ब्रशचा आकार आणि फोटोचा समोर दिसणारा भाग.

ती अशी जाते. फोटो उघडला की कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट आणि 'एन' एकत्र दाबून रिकामा लेअर, म्हणजे फोटोवरचा वेगळा पारदर्शक थर, घ्यायचा. ऑल्ट वगळला तर नाव विचारणारी खिडकी उघडते, तिची इथे गरज नसते. मग 'जे' दाबून डाग पुसणारा स्पॉट हीलिंग ब्रश. वरच्या पट्टीत 'सॅम्पल ऑल लेअर्स'वर खूण हवी, नाहीतर रिकाम्या लेअरवर ब्रश फिरवून काहीच होत नाही आणि शॉर्टकट चुकला असं वाटत राहतं. कंट्रोल आणि १ ने फोटो शंभर टक्क्यांवर येतो. आता डावा अंगठा स्पेसबारवर. स्पेस दाबून धरला की हात येतो, फोटो सरकतो, सोडला की हीलिंग ब्रश परत. चौकोनी कंसाच्या दोन बटणांनी ब्रश लहानमोठा होतो: [ ने लहान, ] ने मोठा. डागापेक्षा किंचित मोठा ब्रश ठेवला तर एका टिचकीत डाग जातो. लहान ठेवून घासत बसलं की त्वचेवर पट्टे उमटतात. शेवटी कंट्रोल आणि ० ने पूर्ण फोटो पडद्यावर. एवढ्या कामात टूल एकदाच निवडलं गेलं.

इथेच शॉर्टकटबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज सुटतो. टूलची अक्षरं हा या विद्येतला लहान भाग आहे. वेग येतो तो उसन्या घेतलेल्या टूलमुळे. म्हणजे बटण दाबून धरेपर्यंतच दुसरं टूल हातात येतं आणि बोट उचललं की पहिलं आपोआप परत मिळतं. स्पेस हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं रूप. ब्रश हातात असताना ऑल्ट धरला की आयड्रॉपर येतो, फोटोतला रंग उचलायचा आणि ऑल्ट सोडायचा. एका जागेचा नमुना दुसरीकडे उमटवणाऱ्या क्लोन स्टँपमध्ये तोच ऑल्ट नमुना कुठून घ्यायचा ते ठरवतो. बहुतेक टूलमध्ये कंट्रोल धरला की तात्पुरतं मूव्ह टूल मिळतं. पेन टूलमध्ये कंट्रोलने बिंदू हलवता येतात आणि ऑल्टने कोपऱ्याचा बिंदू वळणाचा किंवा वळणाचा कोपऱ्याचा करता येतो. पेनने पाथ, म्हणजे बिंदू जोडून बनणारी रेघ, काढताना टूलबारकडे जाणारा माणूस पाहिला की समजावं, याला कंट्रोल आणि ऑल्ट कुणी दाखवलेच नाहीत.

२००८ च्या सीएस४ या आवृत्तीपासून ही सोय टूलच्या अक्षरांनाही मिळाली. ब्रशने काम चालू असताना 'ई' दाबून धरायचा, जादा रंग खोडायचा, 'ई' सोडायचा, ब्रश परत. नुसता दाबून सोडला तर इरेझर कायमचा हातात येतो. नव्याने शिकणाऱ्याची फसगत इथे हमखास होते. तो 'व्ही' दाबतो, खात्री म्हणून तसाच धरून ठेवतो, लेअर हलवतो, बोट उचलतो आणि पुढच्या ओढीला लेअर हलण्याऐवजी ब्रशचा फराटा उमटतो. मग शॉर्टकट मधूनच बंद पडतात अशी तक्रार सुरू होते. बटण टिचकीसारखं दाबायचं की धरून ठेवायचं, हा फरक बोटांना कळायला अक्षरं पाठ होण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

'एच' दाबून धरण्यात एक छान सोय लपलेली आहे. खूप जवळ झूम करून काम चालू असताना 'एच' धरून माउसचं बटणही दाबलं की फोटो पूर्ण दिसतो आणि एक चौकट तरंगू लागते. चौकट हव्या त्या जागी नेऊन बटण सोडलं की आधीच्याच झूमने तो भाग समोर येतो. मोठ्या फाइलमध्ये एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर जायला स्पेस धरून ओढत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. यासाठी ग्राफिक्स प्रोसेसर सेटिंगमध्ये चालू असावा लागतो.

पहिली साखळी हाताला लागली की दुसरी घ्यावी मास्कची, म्हणजे लेअरचा हवा तेवढा भाग झाकण्या-उघडण्याची. ब्रश 'बी', रंग मूळ काळ्या-पांढऱ्यावर आणायला 'डी', पुढचा-मागचा रंग अदलाबदल करायला 'एक्स'. मास्कवर काळ्याने झाकायचं, पांढऱ्याने उघडायचं, म्हणजे डाव्या हाताचं एक बोट 'एक्स'वर ठाण मांडूनच बसतं. आकड्यांची ओळ ब्रशची ओपॅसिटी, म्हणजे रंगाची दाटता, बदलते: ३ दाबलं तर ३० टक्के, ३ आणि ५ पटकन एकापाठोपाठ दाबले तर ३५, ० आणि ५ दाबले तर ५, नुसतं ० म्हणजे १००. शिफ्ट धरून तेच आकडे दाबले तर फ्लो, म्हणजे रंग सुटण्याचा वेग, बदलतो. वरच्या पट्टीतली एअरब्रशची खूण चालू असेल तर हे उलटं होतं, नुसता आकडा फ्लो बदलतो आणि शिफ्टसह ओपॅसिटी. आणखी एक मेख: हातात मूव्ह किंवा सिलेक्शनचं टूल असेल तर आकडा ब्रशला लागत नाही, तो चालू लेअरचीच ओपॅसिटी बदलतो. फोटो अचानक फिका दिसू लागला की आधी लेअर पॅनेलमधला टक्का पाहावा.

ब्रशचा आकार कंसाच्या बटणांनी पायरीपायरीने बदलतो. शिफ्टसह तीच बटणं कडेचा कडकपणा बदलतात. पण विंडोजवर ऑल्ट धरून उजव्या क्लिकने ओढलं की डावी-उजवीकडे आकार आणि वर-खाली कडकपणा, दोन्ही डोळ्यांसमोर बदलताना दिसतात. मॅकवर हेच कंट्रोल आणि ऑप्शन धरून ओढल्याने होतं. ही एक युक्ती अंगवळणी पडली की कंस जवळजवळ विसरायला होतात, आणि ते बरंच. कंस उजव्या हाताच्या बाजूला आहेत, उजवा हात माउसवर आहे. 'जे', 'पी', 'ओ', 'एल', 'एम' हीदेखील तिकडचीच अक्षरं. डाव्या हाताची ठरलेली जागा म्हणजे करंगळी कंट्रोल-शिफ्टवर, अंगठा स्पेस आणि ऑल्टच्या मध्ये, बाकीची बोटं 'ए-एस-डी' आणि 'झेड-एक्स-सी'च्या आसपास. टायपिंग शिकलेल्यांची बोटं उगाच 'एफ' आणि 'जे'वर जाऊन बसतात, ती सवय इथे मोडावी लागते.

सिलेक्शन, म्हणजे फोटोचा हवा तो भाग निवडणं, हा विषय सगळ्यात जास्त गोंधळाचा, म्हणून तो सावकाश घ्यावा. इथे शिफ्ट आणि ऑल्ट यांचा अर्थ माउस दाबण्याआधी एक आणि दाबल्यानंतर दुसरा असतो. आधीच एक सिलेक्शन असेल आणि शिफ्ट धरून मग ओढायला सुरुवात केली तर नवा भाग जुन्यात मिळतो. ऑल्ट धरून सुरुवात केली तर वजा होतो. मात्र ओढणं सुरू झाल्यावर शिफ्ट दाबला तर मार्की, म्हणजे निवडीची चौकट, चौरस किंवा वर्तुळाच्या मापात बांधली जाते आणि ऑल्ट दाबला तर मध्यापासून वाढते. मग जुन्या सिलेक्शनमध्ये अचूक वर्तुळ मिळवायचं कसं? शिफ्ट धरा, ओढायला लागा, माउस न सोडता शिफ्ट सोडा आणि पुन्हा दाबा. ओढतानाच स्पेस दाबला तर अर्धवट काढलेली मार्की जशीच्या तशी सरकते आणि स्पेस सोडल्यावर ओढणं पुढे चालू राहतं. वाचताना हे किचकट वाटतं. रिकाम्या पानावर दहा-बारा वर्तुळं काढली की बोटांना उमगतं.

'शिफ्टसह टूल बदला' ही सेटिंग प्रेफरन्सेसच्या टूल्स भागात असते आणि सहसा चालू असते. ती चालूच ठेवावी. बंद असेल तर तेच अक्षर पुन्हा दाबल्यावर गटातलं पुढचं टूल येतं. खात्रीसाठी 'बी' दोनदा दाबायची सवय असलेल्याच्या हातात मग ब्रशऐवजी पेन्सिल येते आणि कडा का कुरतडल्यासारख्या दिसतात ते त्याला कळत नाही. सेटिंग चालू असली तरी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. अक्षर हे टूलचं नाही, गटाचं असतं. 'जे' म्हणजे स्पॉट हीलिंग असं नव्हे, 'जे' म्हणजे त्या गटात शेवटी जे वापरलं ते. शेवटी पॅच टूल घेतलं असेल तर 'जे'ने पॅचच येणार.

आता मोडतोड. शॉर्टकट शिकणारा चुकीची बटणं दाबतच असतो, आणि प्रत्येक चुकीची स्वतःची खूण असते. ब्रश लाल रंग फासतोय? 'क्यू' लागून क्विक मास्क, म्हणजे ब्रशने रंगवून सिलेक्शन करण्याची पद्धत, चालू झालाय, फाइलच्या टॅबवर तसं लिहिलेलंही दिसतं, पुन्हा 'क्यू' दाबा. ब्रशचं वर्तुळ जाऊन बारीक फुली आली? कॅप्स लॉक. सगळी पॅनेल गायब? टॅब. मेन्यूसुद्धा गायब? 'एफ', तो पडद्याच्या पद्धती फिरवतो, तोच दाबत राहा. ब्रश काहीच उमटवत नाही? चुकून १ दाबला जाऊन ओपॅसिटी १० टक्क्यांवर गेली का ते पाहा. तिथेही सगळं ठीक असेल तर कंट्रोल आणि 'एच'चा संशय घ्या. त्याने सिलेक्शनची हलती रेघ लपते, सिलेक्शन मात्र जागेवरच असतं आणि ब्रश त्याच्या बाहेर चालत नाही. कंट्रोल आणि 'डी' दाबून सिलेक्शन सोडलं की मोकळं.

वर्ड वापरणाऱ्यांचा हात मागे घेतलेलं काम पुन्हा करण्यासाठी कंट्रोल आणि 'वाय'कडे जातो. फोटोशॉपमध्ये त्याने छपाईच्या रंगांचं पूर्वदर्शन चालू होतं, फोटो मळकट दिसतो आणि टॅबवर सीएमवायके ही अक्षरं येतात. फाइलला काही झालेलं नसतं, तेच पुन्हा दाबलं की रंग परत. पुन्हा करणं म्हणजे कंट्रोल, शिफ्ट आणि 'झेड'. जुन्या धड्यांमध्ये अनेक पावलं मागे जायला कंट्रोल, ऑल्ट आणि 'झेड' सांगितलेलं असतं. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या सीसी २०१९ पासून नुसता कंट्रोल आणि 'झेड'च मागे मागे जात राहतो. त्याच आवृत्तीत फ्री ट्रान्सफॉर्मचंही उलटं झालं, फोटो शिफ्टशिवाय प्रमाणात लहानमोठा होतो आणि शिफ्ट धरला की प्रमाण मोडतं. जुनी सवय असलेल्यांच्या फोटोतले चेहरे लांबट होतात ते यामुळे. जुना अनडू हवाच असेल तर कीबोर्ड शॉर्टकटच्या खिडकीत त्याची खूण आहे, प्रोग्राम बंद करून उघडावा लागतो.

मजकुराचं टूल हा वेगळाच सापळा. टाइप टूलचा कर्सर लुकलुकत असताना 'व्ही' दाबलं तर चित्रावर अक्षर उमटतं. आधी कंट्रोल आणि एंटर, मग 'व्ही'. पॅनेलमधल्या टक्क्याच्या चौकटीत कर्सर अडकला असेल तरी अक्षरं लागत नाहीत, एंटर किंवा एस्केपने सुटका. विंडोजवर ऑल्ट दाबून काहीच न करता सोडला तर लक्ष मेन्यूच्या पट्टीवर जातं आणि पुढचं अक्षर टूलऐवजी मेन्यू उघडायला बघतं. तिथेही एस्केप.

मराठीत टाइप करणाऱ्यांना मात्र यापेक्षा मोठी अडचण येते आणि इंग्रजी धड्यांमध्ये तिचा उल्लेख नसतो. विंडोजमध्ये एकाहून जास्त भाषा बसवल्या असतील तर डावा ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून सोडल्यावर भाषा बदलते, ही विंडोजची ठरलेली रीत आहे. फोटोशॉपमध्ये सिलेक्शन करताना ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र धरावेच लागतात. म्हणजे आपण मध्यापासून अचूक वर्तुळ काढलं आणि नकळत कीबोर्ड देवनागरीवर गेला. यानंतर फोनेटिक इनपुट असेल तर 'बी' दाबल्यावर सूचनांची पट्टी उघडते आणि ब्रश येत नाही. इन्स्क्रिप्टमध्ये कंसाच्या दोन बटणांवर ड आणि नुक्ता बसलेले आहेत, त्यामुळे ब्रशचा आकार हलेलच याची खात्री नाही. टास्कबारच्या कोपऱ्यातली भाषेची खूण पाहणं हा तात्पुरता उपाय. कायमचा उपाय सेटिंग्जमध्ये आहे: टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, इनपुट लँग्वेज हॉट कीज. तिथे 'चेंज की सिक्वेन्स' उघडून भाषा आणि लेआउट दोन्हींसाठी 'नॉट असाइन्ड' निवडावं. भाषा बदलायला विंडोजचं बटण आणि स्पेस उरतंच, आणि ते चुकून दाबलं जात नाही. मॅकवर थोडा वेगळा झगडा आहे. कमांड आणि स्पेसने झूम करायला जावं तर स्पॉटलाइट उघडतो. आधी स्पेस दाबून मग कमांड दाबला तर झूमच मिळतो.

ऑल्ट-शिफ्टचं आणखी एक. लेअर खालच्या लेअरमध्ये कसा मिसळतो ते ठरवणारा ब्लेंडिंग मोडही यांनी बदलतो: या दोन्हींबरोबर 'एम' दाबलं की मल्टिप्लाय, 'एस' ने स्क्रीन, 'ओ' ने ओव्हरले, 'एन' ने पुन्हा नॉर्मल. मोडची यादी उघडावीच लागत नाही. पण हातात ब्रश असेल तर हा मोड लेअरला लागत नाही, ब्रशला लागतो. लेअर जसाच्या तसा राहतो आणि पुढचे सगळे फटकारे विचित्र रंगाचे येतात. आधी 'व्ही', मग मोड, ही जोडी एकत्रच शिकलेली बरी.

गिंप या मोफत फोटो-प्रोग्रामवरून फोटोशॉपकडे किंवा उलट जाणाऱ्यांची कसरत वेगळी. गिंपमध्ये 'सी' म्हणजे क्लोन आणि क्रॉप शिफ्टसह 'सी', 'एम' म्हणजे मूव्ह, 'पी' म्हणजे ब्रश, 'बी' म्हणजे पाथ. 'ई' ने इरेझर नव्हे, लंबवर्तुळाचं सिलेक्शन मिळतं, इरेझर शिफ्टसह 'ई'. सगळ्यात फसवा आहे तो कंट्रोल आणि 'डी': फोटोशॉपमध्ये तो सिलेक्शन सोडतो, गिंपमध्ये अख्ख्या चित्राची नवी प्रत उघडतो. कामाच्या शेवटी पाच-सहा निनावी खिडक्या दिसतात त्या यामुळे. गिंपमध्ये सिलेक्शन सोडायला कंट्रोल, शिफ्ट आणि 'ए'. दोन्ही प्रोग्राम रोज वापरायचे असतील तर एकाची बटणं बदलून दुसऱ्यासारखी करून टाकावीत, दोन संच एकाच वेळी डोक्यात ठेवण्यात काही शहाणपण नाही. गिंपमध्ये नाव आठवत असेल आणि बटण आठवत नसेल तर तिरकी रेघ, म्हणजे / दाबून शोधपेटी उघडते. २.१० या आवृत्तीपासून ही सोय आहे आणि ती फारच कमी लोक वापरतात.

फोटोशॉपमध्ये बटणं बदलायची तर एडिट मेन्यूत कीबोर्ड शॉर्टकट्स, किंवा कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि 'के'. वर 'शॉर्टकट्स फॉर'मध्ये टूल्स निवडायचं. मूळ संचात हात न घालता आधी नवा संच नावाने सेव्ह करायचा, मग बदल. ब्लर, शार्पन आणि स्मज यांना मुळात अक्षरच दिलेलं नाही, स्मज वारंवार लागत असेल तर त्यालाच पहिलं अक्षर द्यावं. ब्रशचा आकार लहानमोठा करण्याची बटणंही याच यादीच्या तळाशी आहेत, डाव्या हाताच्या बाजूला आणता येतात. एखादं अक्षर आधीच दुसऱ्याचं असेल तर खाली इशारा येतो, तो न वाचता 'अ‍ॅक्सेप्ट' दाबलं की जुन्या टूलचं अक्षर जातं. मेन्यूच्या आज्ञांना मात्र नुसतं अक्षर देता येत नाही, कंट्रोल किंवा एखादं एफ-बटण त्यात असावंच लागतं.

न लागणारी टूल पट्टीतून काढायची असतील तर एडिट मेन्यूतच टूलबारची खिडकी आहे. काढलेली टूल तीन ठिपक्यांच्या गटात जातात, तरी त्यांची अक्षरं जिवंत राहतात. ती बंद करायची वेगळी खूण त्याच खिडकीत आहे. ती लावली की शिफ्टसह 'जे' दाबून गट फिरवताना रेड आय वगैरे मध्ये येत नाहीत. शेवटी शॉर्टकटच्या खिडकीतलं 'समराइज' दाबलं तर आपल्या बदलांसकट पूर्ण यादीची फाइल ब्राउझरमध्ये उघडते. तक्ता छापायचाच असेल तर हा छापावा. संच सेव्ह करताना डॉट केवायएस फाइल बनते, ती दुसऱ्या मशीनवर नेऊन तिथे तोच संच निवडता येतो. मात्र ज्यांना रोज वेगवेगळ्या मशीनवर बसावं लागतं त्यांनी 'बी', 'व्ही', 'जे', 'एस' यांसारखी मूळ अक्षरं हलवू नयेत, ज्यांना अक्षरच नाही अशा टूलपुरतेच बदल करावेत.